अकरा घरांचं विरजण

"दह्याला तार सुटतेय गं. चमचा उचलला की शेवया!"

लिफ्टमध्ये सातशे दोनच्या काकू त्यांच्या शेजारणीला सांगत होत्या. मी मागे आरशाला टेकून उभी होते. कानात इयरफोन होते, गाणं बंद होतं. ही माझी जुनी सवय. इयरफोन दिसले की लोक बोलायला येत नाहीत, आणि ते काय बोलतात ते मात्र ऐकू येतं.

"आमच्याकडेही तेच," शेजारीण म्हणाली. "काल कढी केली तर हे विचारतात, यात डिंक घातलायस का?"

दोघी हसल्या. मग काकूंनी आवाज खाली आणला. "दूधच भेसळीचं. दुसरं काय असणार? रविवारी सकाळी अकराला लॉबीत बोलावलंय दूधवाल्याला. सेक्रेटरी म्हणाले, बंद म्हणजे बंद. ते बाटलीतलं येतं ना ॲपवरून, ते घ्यायचं सगळ्यांनी."

सातवा मजला आला. उतरताना काकूंनी माझ्या खांद्याला हात लावला. मी इयरफोन काढल्यासारखं केलं. "आईला सांग हं, उद्या सकाळी वाटी घेऊन येते विरजणाला. आमचं टाकूनच दिलं सगळं."

मी मान हलवली. दार बंद झालं, नववा मजला आला, दार उघडलं आणि मी बाहेर पडलेच नाही. कुणीतरी खालून बटण दाबलं असावं. लिफ्ट मला घेऊन पार्किंगपर्यंत गेली आणि परत वर आली. तो गुरुवार होता. रविवारला मधे दोन दिवस होते. दुधात काहीही खोट नाही हे आख्ख्या इमारतीत फक्त मला माहीत होतं, कारण ते दही मी बिघडवलं होतं.

चार वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीहून ठाण्यात, कोलशेतला राहायला आलो. सामानाचा टेम्पो पुढे गेला आणि आम्ही रिक्षाने मागून निघालो. आईच्या मांडीवर स्टीलचा एक घट्ट झाकणाचा डबा होता. दागिन्यांची पिशवी माझ्याकडे दिली होती, डबा दिला नव्हता. डब्यात वाटीभर दही होतं. लग्न होऊन ती डोंबिवलीला आली तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला पहिल्यांदा विरजण दिलं. त्यातलंच थोडं रोज बाजूला काढत, त्याने दुसऱ्या दिवशीचं दूध लावत, सव्वीस वर्षं ते चालू होतं. आई ते कधी संपू द्यायची नाही. आम्ही गावाला गेलो तरी ते शेजारी ठेवायला दिलेलं असायचं, मांजर ठेवतात तसं.

नव्या इमारतीत कुणी कुणाला ओळखत नव्हतं. पहिल्याच थंडीत समोरच्यांचं दही लागेना, तेव्हा त्या वाटी घेऊन आल्या. मग त्यांनी कुणाला तरी सांगितलं. बघता बघता अकरा घरं झाली. कुणाचं आंबट झालं, कुणी कढीत सगळं संपवलं, की सकाळी आमची बेल वाजायची. आई चमचाभर विरजण द्यायची, आणि सोबत सूचना: दूध कोमट हवं, भांडं हलवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे दिवे लागल्यावर मागायला यायचं नाही. तिन्हीसांजेनंतर घरातलं विरजण बाहेर देत नाहीत. ऑफिसमधून साडेसातला येणाऱ्या बायकांनाही ती हसून परत पाठवायची, "उद्या सकाळी ये गं, ताजं देते." सुरुवातीला त्या कुरकुरल्या. नंतर त्याही आपसात तोच नियम पाळायला लागल्या. आईला डोंबिवलीत सगळे ओळखायचे. इथे तिला ओळख मिळाली ती या वाटीमुळे.

दूध सगळ्यांचं एकच. शीळफाट्याच्या पुढे गोठा असलेले एक आगरी काका मोटरसायकलला दोन कॅन लावून म्हशीचं दूध आणतात. तेही आईनेच शोधलेले.

दही लावणं हे काम आईने मला कधी दिलं नाही. "तुझा हात थंड आहे," म्हणायची. मी विचारलं, कोमट म्हणजे किती? तर म्हणाली, "बोट घातलं की कळतं." मला कळायचं नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. किती मिनिटं, किती चमचे असं लिहिलेलं असलं की मला धीर येतो. आईकडचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी मशीन घेतलं. खरं कारण सांगायचं तर वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात मुली दुपारी कपातलं घट्ट दही खायच्या, आणि मला वाटलं, एक तरी गोष्ट मी घरी माझी माझी करावी. पांढरं, लहान कुकरएवढं मशीन. आत काचेच्या सहा बरण्या, वर पारदर्शक झाकण, पुढे छोटा पडदा. आपण तास ठरवायचे आणि पडद्यावर ते एकेक करून कमी होत जातात. सोबत बारीक अक्षरातली पुस्तिका. मी ती दोनदा वाचली.

आईने मशीनकडे बघितलं. "दही लावायला वीज?" एवढंच म्हणाली, आणि ओट्यावर त्याला मिक्सरच्या मागची जागा दिली.

तीन आठवड्यांपूर्वी ती दोन दिवसांसाठी बदलापूरला गेली. मावशीच्या नातवाचं बारसं होतं. बाबांची नोकरी नाशिकची, ते शनिवार-रविवारीच घरी असतात. जाताना आईने मला दाराशी थांबून सांगितलं, "वाटीतलं विरजण आहे, उद्या सकाळी दुधाला लाव. बाकी काही प्रयोग करू नकोस."

मी प्रयोग केला. पुस्तिकेत लिहिलं होतं, प्रत्येक बरणीला एक चमचा. सहा बरण्यांना सहा चमचे, आणि वाटीत बरोबर तेवढंच होतं. मी विचार केला, संध्याकाळी सहा बरण्या दही तयार होणारच, त्यातली एक आईच्या भांड्यात ओतू. वाटी खरवडून रिकामी केली, धुऊन पालथी घातली. मशीनचं बटण दाबलं आणि ऑफिसला गेले.

बटण मी दोनदा दाबलं होतं. एकदा दाबलं की दही. दोनदा दाबलं की जपानी पद्धतीने भात आंबवायचा, आणि त्याला बरीच जास्त उष्णता लागते. संध्याकाळी सातला घरी आले तर बरण्या हातात धरवत नव्हत्या. आत पिवळसर पाणी आणि तळाला चोथा. मी नाकाशी धरून बघितलं. उकळलेल्या दुधाचा वास येत होता, दह्याचा अजिबात नाही. एवढ्या तापलेल्यात जिवंत काही उरलं नसणार हे कळायला पुस्तिकेची गरज नव्हती.

त्याच क्षणी मला सुचलं की आईचं विरजण आपल्या इमारतीतच दहा-अकरा घरांत आहे. एक चमचा मिळाला की झालं. मी वाटी घेऊन जिन्याने सातव्या मजल्यावर गेले. बेलवर बोट ठेवून उभी राहिले, काढलं, परत ठेवलं. काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मागे देवघरात निरांजन लावलेलं दिसत होतं.

"विरजण?" त्या मोठ्याने हसल्या. "आत्ता? अगं, दिवे लागले! तुझ्या आईला कळलं तर मलाच ओरडेल ती. आणि तिच्या घरचं विरजण माझ्याकडे मागतेस? काय, विकलंस की काय सगळं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. "काकू, माझ्या हातून संपलं," एवढंच. ते वाक्य माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत तयार झालं, मग मराठीत येता येता त्याचे तुकडे पडले. मी म्हटलं, "नाही, असंच." असंच म्हणजे काय, मलाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "सकाळी ये हं." मी मान डोलावून वर आले. सकाळी आठच्या आत आई येणार होती.

मग मी खालच्या सुपरमार्केटात गेले आणि ते ऑफिसमधलं घट्ट दही आणलं, साधं, बिनसाखरेचं. या वेळी बटण एकदाच दाबलं. सकाळी सहाला बरण्या उघडल्या तर दही इतकं सुरेख लागलं होतं की बरणी आडवी केली तरी हलेना. मी ते आईच्या भांड्यात घातलं, वर चमच्याने थोडं विस्कटलं, म्हणजे घरचं दिसेल. आई आली, हातपाय धुतले, बोटाने चाखलं.

"बरं लागलंय की गं," ती म्हणाली. "हात सुधारला तुझा."

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

ते दही मशीनमध्ये चांगलं लागतं. आईच्या पद्धतीने, भांड्यावर झाकण टाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं, की दर खेपेला थोडं जास्त चिकट होत जातं, हे मला नंतर समजलं. पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी चमच्यामागे बारीक धागा आला. त्याच आठवड्यात सकाळी बेल वाजत राहिली आणि आई सगळ्यांना चमचा चमचा देत राहिली. पंधरा दिवसांत अकरा घरांत माझंच दही होतं. जुनं कुणाकडेच राहिलं नाही, कारण ज्याचं बिघडायचं तो नवं न्यायला आमच्याकडेच यायचा.

शनिवार-रविवारी आलेल्या बाबांना मात्र काही कळलं नव्हतं. ताटातून लांब तार ओढत ते म्हणाले, "मला तर आवडलं. पिझ्झासारखं येतंय." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उरलेला भात गुपचूप संपवला.

त्या गुरुवारी लिफ्टमधून घरात शिरले तेव्हा आई ओट्यापाशी उभी होती. दह्याचं भांडं तिने गरम पाण्याने धुतलं होतं, दिवसभर गॅलरीत उन्हात ठेवलं होतं, आणि आता आतून बोट फिरवून बघत होती.

"माझाच हात बिघडला का गं?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता, भांड्यात बघत.

मी म्हटलं, "आई, ते..."

"काय?"

"मीठ कुठंय?"

"मीठ? डोळ्यांसमोर आहे तुझ्या."

मी मिठाचा डबा उचलला, उघडला, बंद केला आणि परत ठेवला. मला मीठ कशालाच नको होतं. ती म्हणाली, "हात नाही बिघडणार असा एकदम. दूधच असेल. सेक्रेटरींचा फोन आलेला, रविवारी मी बोलावं म्हणतात. दह्यातलं मला कळतं ना सगळ्यांपेक्षा." हे म्हणताना तिचा चेहरा थोडा उजळला. मला तिथे उभं राहवेना. मी फ्रिज उघडून त्याच्यात डोकं घातलं.

तरीही मला वाटत होतं, आपलं चुकतही असेल. कदाचित खरंच दूध असेल. असावं अशी माझी इच्छा होती, म्हणून शुक्रवारी मी सुट्टी टाकली. ऑफिसला निघते असं सांगून वागळे इस्टेटपर्यंत गेले, तिथल्या एका जुन्या डेअरीतून पावशेर दही घेतलं आणि आई दुपारी भजनाला गेल्यावर घरी परतले. काकांचं सकाळचं दूध तापवलं. तीन बरण्यांत आमचं विरजण, तीन बरण्यांत डेअरीचं. दोन्ही विरजणांनी थोडं थोडं दूध दोन वाट्यांत लावून आईसारखं ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं. चिकटपट्टीवर खुणा केल्या. मशीनवर सहा तास लावले.

ते सहा तास मी एका जागी बसले नाही. दर वीस मिनिटांनी झाकणातून बघायचे. वाफेचे थेंब झाकणावर जमायचे, मला आतलं दिसायचं नाही, आणि उघडायचं नाही असं पुस्तिकेत लिहिलेलं. गॅलरीत गेले, दोरीवरचे कपडे काढले, घड्या केल्या, मोडल्या, परत केल्या. आई भजनाहून आली आणि मला बघून म्हणाली, "लवकर कशी?" मी म्हटलं डोकं दुखतंय. तिने बाम आणून दिला. बामचा वास अंगाला घेऊन मी मशीनपाशी उभी राहिले.

बरण्या सहाही लागल्या होत्या. कोपऱ्यातल्या वाट्या लागायला आणखी तासभर गेला. डेअरीच्या विरजणाची वाटी: साधं, चांगलं, किंचित गोड दही. आमच्या विरजणाची वाटी: चमचा घातला, उचलला, आणि वाटीपासून चमच्यापर्यंत एक लांब चकचकीत तार. दूध तेच, ओटा तोच, दुपार तीच. आता इच्छा करायलाही जागा राहिली नाही.

शनिवारी सकाळी आई अंघोळीला गेली होती, तेव्हा दूधवाले काका आले. नेहमी ते माप ओततात आणि जातात. त्या दिवशी पातेलं माझ्या हातात देऊन थांबले.

"ताय, तुमी शिकलेल्या. तुमीच चाकून बगा," ते म्हणाले. "माजे दुधान काय खोट असंल त मना सांगा."

मी पातेल्यात बघत राहिले. दुधावर बारीक फेस होता.

"अकरा घरा हायेत हिथं. ही गेली त दोन म्हशी इकाव्या लागतील," ते म्हणाले. रागाने नाही, पाऊस नाही पडला तर काय होईल हे सांगावं तसं. "आई हायेत ना तुमच्या? त्यांना इचारा जरा. त्यांचा सबुद ऐकतान सगले."

आतून आईने विचारलं, "कोण आहे गं?"

"दूध," मी म्हटलं.

ते गेल्यावर मला पहिल्यांदा असं वाटलं की अजून सगळं गुपचूप दुरुस्त करता येईल. डेअरीचं दही आहेच. आईच्या भांड्यात ते घालायचं, दोन दिवसांत सगळ्या घरांत चांगलं विरजण जाईल. मी चमचा हातात घेतलासुद्धा. मग लक्षात आलं की उद्या दूध बदलायचं ठरणार. सोमवारी बाटलीतलं येणार, आणि मंगळवारी सगळ्यांचं दही छान लागणार. सगळे म्हणणार, बघा, दूधच खराब होतं. मी गुपचूप सुधारलं तर काकांवरचा ठपका कायमचा पक्का होणार होता. मी चमचा धुऊन ठेवला.

उरला एक मार्ग. खरं जुनं विरजण कुठून तरी मिळालं असतं तर निदान आईला हातात काही देऊन बोलता आलं असतं. मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी माजिवड्याहून डोंबिवलीची बस पकडली. शीळफाट्याला बस अर्धा तास अडकली. उजवीकडे कंटेनर, डावीकडे कंटेनर. पुढच्या सीटवरची बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आत्ता पोचतेच, दोन मिनिटं," आणि अर्धा तास तेच सांगत राहिली. मला उतरून चालत जावंसं वाटत होतं. डबा मांडीवर होता, स्टीलचा, रिकामा.

आमच्या जुन्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी आईला पहिलं विरजण दिलं होतं, त्यांनी मला दारातच जवळ घेतलं. "किती वाळलीस! ठाण्यात जेवायला देत नाहीत का?" त्यांनी पोहे केले. मी खाता खाता विचारलं, "काकू, तुमच्याकडे ते आपलं जुनं विरजण असेल ना?"

"छे गं. आता आम्ही दोघंच. पिशवीचं दही आणतो, दोन दिवस पुरतं. कोण एवढं सांभाळणार?" मग माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "का गं? तुझ्या आईचं चालू आहे ना अजून?"

"हो," मी म्हटलं.

"तीच एक. माझ्याकडून घेतलं आणि माझ्यापेक्षा जास्त सांभाळलं." त्यांनी माझ्या डब्यात चिवडा भरून दिला.

परतीच्या बसमध्ये मी चिवड्याचा डबा घट्ट धरून बसले होते. आता जगात ते विरजण कुठेच नाही, एवढंच माझ्या डोक्यात चालू होतं. मी घरी पोचले तेव्हा बाबा आले होते आणि आई उद्यासाठी ड्रेसला इस्त्री करत होती. "उद्या तूही चल खाली," ती म्हणाली. "नुसती खोलीत नको बसूस."

"आई, मला तुला..."

"उद्याचं भाषण सांगू नकोस मला. मी साधंच बोलणार आहे," ती हसून म्हणाली, आणि इस्त्री फिरवत राहिली. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी आत गेले.

रविवारी अकराला लॉबीत पंधरा-वीस माणसं होती. सोफ्यावर जागा नव्हती म्हणून काही जण लेटरबॉक्सला टेकून उभे होते. मी लिफ्टच्या दाराशी, बाबांच्या मागे. दूधवाले काका आत आले नव्हते, काचेच्या दारापाशी पायपुसण्यावर उभे होते. कॅन बाहेर मोटरसायकलला तसेच. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले.

सेक्रेटरींनी दोनच वाक्यं बोलून आईकडे हात केला. "वहिनी, तुम्हीच सांगा. तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं?"

आई उभी राहिली. "मला कुणाला दोष द्यायचा नाहीये," ती म्हणाली. "चार वर्षं हे दूध आपण घेतोय. मीच सांगितलेलं सगळ्यांना. पण मी तीस वर्षं दही लावते. विरजण तेच, हात तोच, भांडं तेच. आजवर असं कधी झालं नाही. मग बदललं काय? मी रोज विचार करतेय. दुसरं काही सापडत नाही मला."

"ऐकलंत?" सातशे दोनच्या काकू म्हणाल्या.

"काहीतरी मिसळत असणार," मागून कुणीतरी म्हणालं. "पावडर वगैरे."

"पावडर नाय ओ," दारातून काका म्हणाले. "गोठ्यावर चला कोनपन. आता चला."

"आता गोठ्यावर कोण येणार? रविवार आहे," सेक्रेटरी म्हणाले. एकदोघं हसले. "हे बघा, वाद नको. उद्यापासून आणू नका. विषय संपला."

काकांनी आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली, ड्रेसच्या ओढणीचं टोक हातात गुंडाळलं. तिला हे आवडत नव्हतं, तरीही तिचा तिच्या विरजणावर विश्वास होता. काका पायपुसण्यावरून एक पाऊल मागे गेले आणि दार ढकलायला त्यांनी हात काचेवर ठेवला.

माझ्या डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार व्हायला लागलं, चांगलं, व्यवस्थित, माफीने सुरू होणारं. मी त्याची वाट बघितली नाही. बाबांच्या बाजूने पुढे आले. कुणाचं तरी कोपर लागलं. सगळे वळले. आई पण वळली. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा खूप मोठा निघाला.

"काका, थांबा! आई, दुधात काही नाहीये. तू बदलापूरला गेलीस ना, तेव्हा तुझं विरजण माझ्या हातून संपलं. सगळं. मी दुकानातलं आणून तुझ्या भांड्यात घातलं आणि तुला सांगितलं नाही. सगळ्यांच्या घरी तेच गेलंय. मी परवा लावून बघितलं, याच दुधाचं, दुसरं विरजण घालून. चांगलं लागलं, वाटी वर फ्रिजमध्ये आहे. तुझा हात नाही बिघडला, आई. मी बिघडवलं."